दिसणे आणि न दिसणे यांच्या सीमेवर : पं. विष्णू दिगंबर पलुसकर

लखनौच्या कैसरबागेत वाजिद अली शाहाचा परीखाना म्हणून ओळखली जाणारी वास्तू आहे. ज्या दालनांत एकेकाळी नवाबाच्या पदरी असलेल्या गायिका आणि नर्तकी शिकत, तेथे आज संगीताचे विद्यापीठ आहे आणि त्याला नाव आहे एका मराठी माणसाचे, विष्णू नारायण भातखंडे यांचे. १९२४ आणि १९२५ अशा लागोपाठ दोन अखिल भारतीय संगीत परिषदा लखनौला भरल्या आणि त्यांतून १९२६ साली तेथे मॅरिस कॉलेज उभे राहिले. या लखनौपासून कानपूर फार दूर नाही. प्रयाग आणि काशी त्याच प्रांतातली. या तिन्ही नगरांत अभिजात संगीताचे वर्ग भरवले ते मात्र दुसऱ्या एका विष्णूच्या शिष्यांनी. कानपुरात शंकरराव बोडस, प्रयागात विष्णू अण्णा कशाळकर, काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात ओंकारनाथ ठाकूर. हा दुसरा विष्णू म्हणजे कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर.

दोन विष्णूंची गल्लत नेहमी होते आणि ती क्षम्यही आहे. दोघे महाराष्ट्राचे, दोघांची कर्मभूमी बव्हंशी उत्तरेत, दोघांनी स्वरलिपी रचली, दोघांनी विद्यालये काढली. परंतु दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. भातखंडे वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेले, दक्षिणेतील आणि उत्तरेतील ग्रंथालये पालथी घालणारे, पोथ्या ताडून पाहणारे पंडित. पलुसकरांचे शालेय शिक्षण लहानपणीच खुंटले, कारण त्यांचे डोळे अधू झाले.

या डोळ्यांविषयी लिहिणाऱ्यांनी दोन टोके गाठलेली दिसतात. काहींनी त्यांना सरळ अंध गायकांच्या मालिकेत बसवले आणि सूरदासांशी त्यांचे नाते जोडले. काहींनी लहानपणच्या अपघाताला एक वाक्य दिले आणि पुढे तो विषय काढलाच नाही, जणू मिरज सोडताना तो अधूपणाही तेथेच राहिला. पहिल्यांना त्यांचे कर्तृत्व चमत्कार वाटते, दुसऱ्यांना त्यांची अडचण दिसतच नाही. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे आणि आपल्या भाषेत या मधल्या जागेला अजून पुरेसे शब्दही नाहीत.

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, नारळी पौर्णिमेचा. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस या गावावरून पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. कृष्णा-पंचगंगेच्या काठचे कुरुंदवाड हे पटवर्धनांचे छोटे संस्थान; पलीकडे नरसोबाची वाडी. कीर्तनकाराच्या घरातल्या मुलाच्या कानावर अभंग, पदे, साकी-दिंडी, टाळ-मृदंग आपोआपच पडत असत. मुलगा हुशार होता आणि रीतीप्रमाणे शाळेत जात होता. चार बुके शिकून तो कोठेतरी चिकटला असता, किंवा वडिलांच्या मागे कीर्तनाला उभा राहिला असता.

दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट त्याच्या तोंडाजवळच झाला आणि दोन्ही डोळ्यांना इजा पोहोचली. कुरुंदवाडसारख्या गावात उपचाराची सोय नव्हती. मुलाला मिरजेला नेले गेले, पण तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते. तो काळही लक्षात घ्यावा लागतो. भाजण्याने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर व्रण राहिला की आपल्याकडे डोळ्यात फूल पडले असे म्हणत आणि तेथेच विषय संपे. तो पडदा बदलून दुसऱ्याचा बसवण्याची जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया युरोपात झाली ती १९०५ साली. विष्णू तोवर तेहतीस वर्षांचा होऊन लाहोरात विद्यालय चालवीत होता. मिरजेत अमेरिकन मिशनचे डॉक्टर वानलेस आले आणि रुग्णालय उभे राहिले, तेही या अपघातानंतर काही वर्षांनी. ज्या गावात पुढे दूरदूरचे लोक उपचारांना येऊ लागले, त्या गावात हा मुलगा थोडा आधी पोहोचला होता.

दृष्टी गेली म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्रण पडलेल्या डोळ्याला उजेड कळतो, माणसाची आकृती कळते, पण सारे धुक्यातून पाहिल्यासारखे. भर उन्हात तर ते धुके अधिक चकाकते. मोतीबिंदूचे धुके शस्त्रक्रियेने निघते. काचबिंदूने कडेचे दिसणे आधी जाते. समोरचे अक्षर वाचणारा माणूस बाजूच्या खांबावर आपटतो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला तर उलट होते. माणूस घरभर न अडखळता वावरतो, पण समोरच्याचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. रातांधळ्याला दुपारी सर्व दिसते आणि दिवेलागणीनंतर काही नाही. जन्मतः न दिसणाऱ्याला अंधार म्हणजे काय हेही आपल्यासारखे ठाऊक नसते, कारण त्याने उजेडाशी त्याची तुलना केलेली नसते. आणि पन्नाशीत दृष्टी गमावलेल्याच्या स्वप्नात पुष्कळदा रंग येतच राहतात. या साऱ्यांना आपण एकच शब्द लावतो आणि एकच प्रश्न विचारतो, दिसते की नाही? अर्धवट दिसणाऱ्याची या प्रश्नाने फार पंचाईत होते. हो म्हणावे तर कोणी सवलत देत नाही, नाही म्हणावे तर उद्या रस्त्यात ओळखीच्या माणसाला नमस्कार केला की ढोंगी ठरतो. वर्गात फळा न दिसणारे मूल मैदानावर धावते, म्हणून त्याला आळशी ठरवणारे पालक आणि शिक्षक आजही आहेत.

विष्णूच्या बाबतीत हा पेच मिरजेतच उभा राहिला. उपचार करणाऱ्या डॉक्टर भडभडे यांनी मुलाला गाणे शिकवावे असे सुचवले. सल्ला मायेचा होता आणि फळाला आला तो असा की हिंदुस्थानी संगीताने त्याचे ऋणी राहावे. तरी त्या सल्ल्यामागची समजूत तपासून पाहिली पाहिजे. डोळ्यांनी अधू असलेल्या मुलाला दुसरे काय जमणार, तेव्हा गाणे. ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. उत्तर हिंदुस्थानात दृष्टिहीन हिंदूला सूरदास आणि दृष्टिहीन मुसलमानाला हाफिज म्हणून हाक मारण्याची रीत होती. म्हणजे एकाने भजन गावे आणि दुसऱ्याने कुराण मुखोद्गत करावे, एवढीच दोघांकडून अपेक्षा. त्यांचे मूळ नाव विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. हाक आदराची होती यात शंका नाही. पण त्या हाकेने माणसाचा व्यवसायही ठरून जाई.

या समजुतीत गाण्याचाही अपमान होता. जे दुसरे काही करू शकत नाहीत त्यांनी गावे, म्हणजे गाणे हे विद्वत्तेचे काम नव्हे, घरंदाजांचे तर नव्हेच. विष्णूच्या पुढच्या सगळ्या आयुष्यात या दोन अपमानांचे ओझे एकत्र दिसते. पहिल्याविषयी ते फारसे बोलले नाहीत. दुसऱ्याशी मात्र जन्मभर लढले.

मिरजेच्या दरबारात त्या वेळी पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारा हा थोर गायक. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून अपार कष्टाने विद्या मिळवलेला. मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने विष्णूचे शिक्षण त्यांच्याकडे सुरू झाले. जुन्या गुरुकुलातील शिक्षण म्हणजे गुरूने गायचे आणि शिष्याने ऐकायचे. फळा नाही, वही नाही, पाठ्यपुस्तक नाही. ज्याला वहीवरचे अक्षर धड दिसत नाही त्याची या पद्धतीत काही गैरसोय नव्हती. शाळेने ज्याला बाहेर ठेवले असते त्याला गुरुगृहात इतरांच्या बरोबरीने बसता येत होते. जुन्या पद्धतीची निंदा करताना तिचा हा गुण आपण सहसा विसरतो. तिचे दोषही तितकेच खरे होते. गुरूची मर्जी हाच अभ्यासक्रम, आणि शंका विचारणे हा उद्धटपणा.

मिरजेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितला आहे. गावातील एका समारंभाचे बोलावणे दरबारच्या मर्जीतील म्हणून विष्णूला आले, पण गुरुजींना आले नाही. चौकशी करता कळले की ते गवई, त्यांना कशाला बोलवायचे? आपला गुरू, ज्याच्या पायाशी आपण बसतो, तो गावच्या प्रतिष्ठितांत मोजला जात नाही हे त्या तरुणाला फार लागले. १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली. दरबाराची हमीची भाकरी आणि ओळखीचे गाव सोडून, अधू डोळ्यांनी, दोन-चार सोबत्यांसह ते निघाले. ओळखीच्या गावाचे मोल सर्वांना सारखे नसते. ज्याला गल्लीतील प्रत्येक पायरी पायांनी पाठ आहे, त्याला नवे गाव म्हणजे पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकणे. उत्तर हिंदुस्थानच्या त्या दौऱ्याचे वर्णन करताना मानमरातबाचे तपशील भरपूर मिळतात, पण रोज नव्या धर्मशाळेत उतरणाऱ्या त्या माणसाला जिन्याच्या पायऱ्या किती वेळा मोजाव्या लागल्या असतील हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

साताऱ्याहून बडोदे, तेथे राजमाता जमनाबाईंनी केलेले कौतुक, मग सौराष्ट्र. याच भागात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात नवल वाटणार नाही. पण तोवर अभिजात गाणे ऐकायचे ते राजवाड्यात, देवळात, नाहीतर कोठीवर. चार आण्यांचे तिकीट काढून कारकुनाने आणि दुकानदाराने ऐकावे ही कल्पनाच नवी होती. गिरनारवर एका साधुपुरुषाने पंजाबात जाण्यास सांगितले अशी त्यांची श्रद्धा होती. ग्वाल्हेर झाले, मथुरेत राहून त्यांनी हिंदी आणि ब्रजभाषा आत्मसात केली, तीही मुख्यतः कानांनी, आणि दिल्ली, पंजाब करीत ते लाहोरला पोहोचले.

५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. राजाश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारे, ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, हजेरीपट, परीक्षा आणि पदवी असलेले संगीताचे विद्यालय. सुरुवातीला विद्यार्थी फिरकेनात. रिकाम्या वर्गात तंबोरा लावून पंडितजी वेळेवर बसत. हळूहळू मुले आली, मग सुखवस्तू घरांतील मुली आणि स्त्रियाही आल्या. ज्या पदांत शृंगार उघडा होता ती काढून त्यांच्या जागी भक्तिपदे घातली गेली. आजच्या रसिकाला ही सोवळेपणाची मात्रा थोडी जास्त वाटेल, आणि काही सुंदर बंदिशी त्यात मागे पडल्या हेही खरे. पण त्या तडजोडीवाचून त्या काळच्या वडिलांनी मुलीला गाण्याच्या वर्गाला पाठवले नसते.

उपदेशक वर्ग हा त्यांच्या कार्याचा कणा. होतकरू मुले विद्यालयातच राहत, त्यांच्या जेवणाखाणाचा आणि शिक्षणाचा भार संस्था उचले. मोबदल्यात त्यांनी कित्येक वर्षे शिकायचे आणि नंतर देशभर जाऊन शिकवायचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर, शंकरराव व्यास, नारायण मोरेश्वर खरे ही नावे त्याच मुशीतून निघाली. शिस्त कडक होती, कधीकधी कठोरही. घड्याळाच्या काट्याबाबत पंडितजींची ख्याती अशी की मोठमोठ्या संस्थानिकांसाठीही मैफल उशिरा सुरू होत नसे. ज्याला वस्तू डोळ्यांनी शोधणे जड जाते त्याला ती जागच्या जागी असावी लागते, आणि ज्याला माणसे दुरून ओळखू येत नाहीत त्याला ती ठरल्या वेळी यावी लागतात. ही शिस्त त्यांच्या स्वभावातूनच आली असेल. पण तिच्यात या गरजेचाही अंश असावा असे मानायला जागा आहे.

आता त्यांच्या कार्यातील सर्वांत चमत्कारिक भागाकडे यावे लागते. स्वतः कानाने शिकलेल्या, वाचन जड जाणाऱ्या या माणसाने संगीत कागदावर आणण्यासाठी जिवाचे रान केले. स्वरलिपी रचली, छापखाना घातला, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले, ‘संगीत बालप्रकाश’सारखी बालबोध पाठ्यपुस्तके आणि रागांवरील पुस्तकांची मालिका काढली. त्यांची स्वरलिपी भातखंड्यांच्या स्वरलिपीपेक्षा अधिक बारकाव्याची. स्वर मात्रेच्या कितव्या अंशाचा, अर्ध्या, पाव की अष्टमांश, हे दाखवणारी खूण प्रत्येक स्वराखाली. भातखंडे एका मात्रेतील स्वरांना खाली एक कंस देऊन मोकळे होत. लखनौच्या विद्यालयात आणि तेथून सर्वत्र ही सोपी पद्धत रुजली. पलुसकरांची त्यांच्या परंपरेतील विद्यालयांपुरती उरली. अधू दृष्टीच्या माणसाने वाचायला अधिक अवघड लिपी रचावी आणि निकोप दृष्टीच्या पंडिताने सोपी, हा इतिहासातला गमतीचा उलटापालटीचा प्रकार म्हणावा लागेल. कदाचित ज्याला कानाने अष्टमांश मात्रा स्पष्ट ऐकू येत होती, त्याला ती कागदावरून गळू द्यायची नव्हती.

पण याची दुसरी बाजू विसरता येत नाही. संगीत कागदावर आले तेव्हा ते पुष्कळांना खुले झाले, आणि काही थोड्यांना जरा दूरही गेले. गुरुगृहात न दिसणारा मुलगा आणि दिसणारा मुलगा सारखेच होते. पुस्तक आणि लेखी परीक्षा आल्यावर ते सारखे राहिले नाहीत. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी दुष्काळात अनाथ झालेल्या दृष्टिहीन मुलांसाठी १९०० साली शाळा सुरू केली होती आणि १९०२ साली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. १९०८ साली पंडितजींनी मुंबईत विद्यालय काढले तेव्हा त्याच शहरात मुले बोटांनी ब्रेल वाचत होती. स्वतः लुई ब्रेल उत्तम ऑर्गनवादक होते आणि सहा ठिपक्यांत त्यांनी संगीताची लिपीही बसवली होती. परंतु भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात पलुसकरांची छापील पुस्तके ज्यांना वाचता येत नव्हती, त्यांत स्वतः पलुसकरांसारखीच मुले होती.

ती मुले आपापल्या वाटांनी पुढे गेली, आणि प्रत्येकाची वाट वेगळी होती. बाळकृष्णबुवांच्याच शिष्यपरंपरेत मिरजेचे नीलकंठबुवा होते. त्यांच्याकडे शिकायला आलेले हावेरी भागातील पंचाक्षरी गवई जन्मांध होते. हानगलच्या कुमारस्वामींनी त्यांना उचलून धरले. पुढे त्यांच्याभोवती निराधार आणि दृष्टिहीन मुलांचा मेळावा जमला, त्या मुलांची पोटे भरण्यासाठी त्यांनी नाटक मंडळीही चालवली, आणि त्यातून गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम स्थिरावला. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई सहा महिन्यांचे असताना दृष्टी गमावलेले. ते ब्रेलमध्ये लिहीत, नाटके रचीत, अनेक वाद्ये वाजवीत. बंगालचे कृष्णचंद्र डे, म्हणजे मन्ना डे यांचे काका, शाळकरी वयात पूर्ण अंध झाले आणि रंगभूमी व बोलपटात नट म्हणून वावरले. आणि आपल्या वऱ्हाडात माधानचे गुलाबराव महाराज, नवव्या महिन्यात डोळे गेलेले, गाण्याच्या वाटेला न जाता ग्रंथांच्या वाटेला गेले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, स्मरणात ठेवायचे आणि तोंडाने सांगून लिहवून घ्यायचे, अशा रीतीने त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले आणि स्वतःची एक सांकेतिक भाषाही बनवली. ही सारी माणसे एकाच पिढीत किंवा तिच्या आगेमागे होऊन गेली. या प्रत्येकाला वेगळा सहवास मिळाला: कोणाला मठ, कोणाला काका-पुतण्याचे घर, कोणाला वाचून दाखवणारे भक्त, कोणाला संस्थानिक. कोणाला उजेडाची आठवण होती, कोणाला नव्हती. पलुसकरांना ती आठवण होती आणि थोडा उजेडही शिल्लक होता. म्हणून त्यांचे यश घेऊन पंचाक्षरी गवयांना मोजता येत नाही, आणि पंचाक्षरी गवयांचे घेऊन पलुसकरांना.

देशाच्या सार्वजनिक जीवनात पंडितजींचा आवाज सर्वांना परिचयाचा होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी त्या गायनाला हरकत घेतली, तरी पंडितजींनी ते गीत पुरे केले. रामधुनीची आज सर्वतोमुखी असलेली चाल त्यांच्याच परंपरेतून पसरली. महात्मा गांधींनी साबरमती आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला तेव्हा त्यांनी आपले लाडके शिष्य नारायण मोरेश्वर खरे दिले, आणि १९३० च्या दांडीयात्रेत खरेबुवांचा तंबोरा सोबत होता.

संसार मात्र दुःखाचा. रमाबाईंच्या पोटी झालेल्या बारा अपत्यांपैकी एकच जगले. मुंबईच्या विद्यालयाची भव्य इमारत कर्ज काढून उभारली होती. मैफली करून कर्ज फेडायचे, आणि मैफलींसाठी सतत फिरायचे म्हणजे विद्यालयाकडे पाहायला वेळ नाही, असे चक्र सुरू झाले. १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. पंडितजींचा व्यवहार कच्चा होता असा ठपका ठेवला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण हिशेबाच्या चोपड्या दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचाव्या लागणाऱ्या माणसाला कोणावर तरी विश्वास टाकावाच लागतो, एवढे या ठपक्याशेजारी लिहिलेले असावे. तोवर त्यांचे मन विरक्तीकडे झुकले होते. नाशिकला त्यांनी रामनाम आधाराश्रम काढला, भगवी वस्त्रे स्वीकारली, आणि तुलसी रामायणाची प्रवचने गात गात देशभर फिरले. रसिकांना ख्याल हवा होता, बुवा रामनाम देत. पुष्कळांची निराशा झाली.

लखनौत १९२६ साली मॅरिस कॉलेज सुरू झाले त्या सुमारास चित्र असे होते. एका विष्णूला सरकारचा आणि तालुकदारांचा आधार मिळून त्याचे विद्यालय स्थिर झाले. दुसऱ्याची इमारत गेली, पण शिकवून तयार केलेली माणसे गावोगाव पसरली. दोघांत मतभेद तीव्र होते, शिष्यांनी ते आणखी तीव्र केले. तरीही आज उत्तर प्रदेशातील एखाद्या लहान गावात मुलगी यमनची छोटी बंदिश शिकते, तेव्हा तिच्या वहीतील लिपी एका विष्णूची असते आणि ती वर्गाला जाऊ शकते हे दुसऱ्या विष्णूमुळे. आपल्या कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या त्या १९९५ साली. २०१६ च्या कायद्यातही तो भेद कायम राहिला. पलुसकर आज शाळेत आले असते तर दुसऱ्या वर्गात मोडले असते. मोठ्या अक्षरांचे पुस्तक, पुढचा बाक आणि परीक्षेत अधिक वेळ यांवर त्यांचा हक्क असता. आणि मग कदाचित ते गवई झालेच नसते. वकील झाले असते, शिक्षक झाले असते. निवड त्यांची असती. त्यांच्या वाट्याला निवड आली नाही. आले ते घेऊन त्यांनी तिचे पुढच्यांसाठी दुसरेच काही करून ठेवले. गाणे हा ज्यांना दुसरे जमत नाही त्यांचा धंदा राहिला नाही. ज्यांना दुसरे सर्व काही जमते असे लोक मुलांना घेऊन त्यांच्या दारात रांगेत उभे राहू लागले.

शेवटची दोनएक वर्षे प्रकृती ढासळत गेली. अखेरच्या दिवसांत त्यांना मिरजेला आणले गेले. लहानपणी जेथे डोळ्यांच्या उपचारासाठी आणि नंतर गाण्यासाठी ते आले होते, तेच हे गाव. आता तेथे मिशनच्या रुग्णालयाचा लौकिक सर्वदूर झालेला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, एकोणसाठावे वर्ष पूर्ण करून तीन दिवस झाले असताना, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्य अहमदाबादेत एकत्र जमले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. वाचलेला एकुलता मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी, विनायकबुवांनी आणि नारायणरावांनी, त्याला शिकवले. पुढे द. वि. पलुसकर म्हणून त्याचा स्वच्छ, सोज्ज्वळ आवाज देशाने ऐकला; वडिलांचे गाणे कसे होते हे विचारणाऱ्यांना जुने लोक त्याच आवाजाकडे बोट दाखवीत. १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.